नुकसान क्रमांक चौदा

१४ सप्टेंबर, मंगळवार

दोगासावा वास्तुजतन समितीने आज मला एकमताने चिटणीस नेमले. एकमत म्हणजे तीन जण : अध्यक्ष काजिवारा, जे पूर्वी खाणीत मोजणीदार होते आणि आता दारूचे दुकान चालवतात, नगरपालिकेचे ओनोदेरा, जे सभेत चहा गार होईपर्यंत कपात पाहत बसतात, आणि मी. काजिवारा म्हणाले, "एवढं लिहायची हौस मास्तरांशिवाय गावात आहे कोणाला?" हे त्यांनी गौरवाने म्हटले, असे मी धरून चालतो.

छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे, क्रमवार मांडल्याखेरीज एखादी गोष्ट मला समजल्यासारखी वाटत नाही. तेव्हा प्रथम परिस्थिती मांडतो.

तांब्याची खाण बंद होऊन सव्वीस वर्षे झाली. जुन्या म्हणाव्यात अशा दोनच वास्तू गावात उरल्या आहेत. वर टेकडीवर खाणीच्या मुख्याधिकाऱ्याची कोठी : पांढऱ्या फळ्या, उंच खिडक्या, दिवाणखान्यात विटांची शेकोटी. खाली ओढ्याकाठी कामगारांची पाच बिऱ्हाडांची लाकडी चाळ. कोठीची नोंद प्रांताच्या वारसा यादीत व्हावी, असा अर्ज आम्ही केला आहे. पुढच्या महिन्यात तज्ज्ञ पाहणीला येतील. नोंद झाली की पर्यटकांची बस येईल, आणि बस आली की तिला माघारी वळावे लागेल. बारा मीटर लांबीच्या बसला वळण्यासाठी चोवीस मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. आमच्या अरुंद दरीत एवढी सपाट जागा तीनच ठिकाणी आहे. पहिली, शाळेचे मैदान. ते पुराच्या वेळी आसरा म्हणून राखीव आहे. दुसरी, चाळीची जागा. तिसरी जागा खाजगी वापरात असल्याने विचारात घेतलेली नाही.

म्हणजे चाळ पाडावी लागेल, हे ओघाने आले. पाचपैकी चार बिऱ्हाडे रिकामीच आहेत. तिसऱ्यात हात्सुएबाई राहतात. माझी पत्नी कुमिको गेल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, मी दुपारचे जेवण त्यांच्याकडेच घेतो.

१५ सप्टेंबर, बुधवार

हात्सुएबाईंना आराखडा समजावून सांगितला. शाळेत असताना एक नियम मी कटाक्षाने पाळला होता : ज्याच्यावर परिणाम होणार आहे, त्याला कारण आधी आणि निष्कर्ष नंतर सांगावा. मी बसच्या मागच्या चाकांपासून सुरुवात केली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग आराखड्यावर बोट ठेवून विचारले, "या बसचं ढुंगण कुठे येतं, मास्तर?"

मी म्हणालो, साधारण आपण बसलो आहोत तिथेच.

"येऊ दे. तिलाही मुळा वाढीन," त्या म्हणाल्या, आणि खारवलेल्या मुळ्याची बशी माझ्याकडे सरकवली. शहात्तराव्या वर्षी इतकी समजूतदार वृत्ती विरळा.

त्यांच्याकडच्या ताटाबद्दल एक टिपण करून ठेवतो, कारण समितीच्या पुस्तिकेत ते उपयोगी पडेल. भात डावीकडे असतो आणि मिसोचे सार उजवीकडे, पण मधले अंतर इतके, की साराची वाटी उचलायला किंचित सरकावे लागते. खाणीतल्या माणसाच्या घरी भातावर सार ओतत नाहीत. भात म्हणजे डोंगर, सार म्हणजे पाणी. ओतले की डोंगर खचतो. सकाळी घरात कोणी चुकून ओतलेच, तर त्या घरचा पुरुष त्या दिवशी खाली उतरत नसे. मी विज्ञानाचा माणूस आहे. तरीही नऊ वर्षांत मी एकदाही ओतलेले नाही. त्यांना ते खपत नाही, आणि त्यात पडताळून पाहण्यासारखेही काही नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

पाडण्यापूर्वी चाळीच्या स्थितीची नोंद असावी म्हणून सकाळपासून नुकसानीची यादी केली. एकूण बावीस बाबी झाल्या. कुजलेले वासे, उचकटलेले पत्रे आणि वाकलेली दारे सगळीकडे असतात, त्यांत विशेष काही नाही. क्रमांक चौदा मात्र चमत्कारिक आहे. बिऱ्हाडांमधल्या चारही भिंतींत, गुडघ्याइतक्या उंचीवर, मोठा वाडगा जाईल एवढे एकेक भोक आहे. कडा घासून गुळगुळीत झालेल्या. कारणाच्या रकान्यात मी 'उंदीर' लिहिले.

हात्सुएबाईंनी चष्मा लावून यादी वाचली. "एवढा मोठा उंदीर?"

खाणीतल्या उंदरांना वर्षभर एकसारखे तापमान मिळते आणि कामगारांच्या डब्यातले उरलेले अन्न मिळते, त्यामुळे त्यांची वाढ सामान्य उंदरांपेक्षा अधिक होते, हे मी त्यांना समजावून सांगितले.

"असेल बाई," त्या म्हणाल्या. त्यांची ही शिकण्याची तयारी मला नेहमीच आवडत आली आहे.

२७ सप्टेंबर, सोमवार

आजचा दिवस आनंदाचा. कोठीतल्या शेकोटीवरचा माझा निबंध पूर्ण झाला. त्रेचाळीस पाने झाली.

मुख्य मुद्दा असा. शेकोटीच्या आतल्या विटांवर पांढऱ्या स्फटिकांचा पातळ थर आहे. घरगुती जळणाने असा थर येत नाही. यावरून माझे अनुमान : मुख्याधिकारी खनिजाचे नमुने घरी आणून, शेकोटीत तापवून, स्वतः त्यांची परीक्षा करीत असावेत. म्हणजे ती नुसती शेकोटी नव्हे, गावातली पहिली प्रयोगशाळाच.

काजिवारांना वाचून दाखवले. ते सत्तावीस पानांपर्यंत "अस्सं होय" म्हणत राहिले आणि मग दुकानात गिऱ्हाईक आल्यामुळे त्यांना उठावे लागले. गिऱ्हाईक मला दिसले नाही, पण माझी दाराकडे पाठ होती.

हात्सुएबाई लग्नापूर्वी कोठीवर कामाला होत्या, म्हणून त्यांचीही साक्ष घेतली. शेकोटीत जाळ करीत असत का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "ते जरा थोडं..." आणि माझ्या कपात चहा ओतू लागल्या. कप भरलेलाच होता.

'थोडं', म्हणजे जाळ थोडा असे. खनिजाची परीक्षा मंद आचेवरच करावी लागते. तळटीप वाढवली.

३ ऑक्टोबर, रविवार

एक किरकोळ निरीक्षण. गेले दोन आठवडे हात्सुएबाईंचा मुळा दिवसेंदिवस खारट होत आहे. गुरुवारी मला तीन पेले पाणी प्यावे लागले, आज पाच. मी तीन कारणे तपासली : मिठाचा प्रकार बदलणे, हवेतला गारवा, आणि वयानुसार जिभेची संवेदना कमी होणे. मीठ तेच आहे; पिशवी पाहिली. गारव्याने खार मुरण्याचा वेग मंदावतो, वाढत नाही. उरले तिसरे कारण. त्यांना कसे सांगावे, हा नाजूक प्रश्न आहे. तूर्त पाणी पितो.

१० ऑक्टोबर, रविवार

नगरपालिकेने हात्सुएबाईंना दरीच्या तोंडाशी नव्या इमारतीत जागा देऊ केली आहे. ओनोदेरा त्यांना दाखवून आणायला गेले होते. परतल्यावर मी उत्सुकतेने विचारले, कशी आहे?

"छान आहे. भिंती जाड आहेत."

मी सांगितले की अठरा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटमधून आवाज जवळजवळ जातच नाही. हा मोठाच फायदा.

"हो ना," त्या म्हणाल्या. "शेजारी कोणी मेलं तरी आपली झोप मोडायची नाही."

चहा समोर नसल्यामुळे ओनोदेरा आपल्या मोज्यांकडे पाहत होते.

घरी येताना मला थोडे अस्वस्थ वाटले. कारण सापडले नाही. चढ नेहमीचाच होता. अंगणात कुमिकोच्या आलुबुखाराच्या झाडाला दोन पाने उरली होती. ती जागा सोडून बाकीचे अंगण झाडले आणि मग बरे वाटले.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

उद्या पाहणी. तज्ज्ञाचे नाव मियासाका. वेळापत्रक असे केले आहे : नऊ ते बारा कोठी, त्यातला एक तास शेकोटी. बारा वाजता जेवण. गावातले शेवयांचे दुकान बुधवारी बंद असते, म्हणून हात्सुएबाईंकडे. साडेबाराला खाणीचा बोगदा. दोनची गाडी. चाळ वेळापत्रकात नाही.

संध्याकाळी काजिवारांना विचारले, माझ्या आराखड्यात काही चूक दिसते का?

"तुमची भूमिती बरोबर आहे, मास्तर."

फक्त भूमिती?

"मी फक्त भूमिती म्हणालो," ते म्हणाले, आणि बाटल्या पुसू लागले. अडतीस वर्षे मी या गावात राहतो आहे, पण इथल्या लोकांना मुद्द्यावर बोलते करणे मला अजून साधलेले नाही.

२० ऑक्टोबर, बुधवार

जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहितो.

मियासाका हे पंचेचाळिशीचे सडसडीत गृहस्थ. वाकले की त्यांचे गुडघे वाजतात. कोठीत आल्यावर त्यांनी माझे प्रास्ताविक उभ्याने ऐकले, मग शेकोटीत डोके घातले आणि विजेरी वर धरली.

आतून आवाज आला, "धुराडं कुठाय?"

मी म्हणालो, वर.

"वर फळ्या आहेत. धूर जायला वाट नाही. ही शेकोटी कधी पेटलेलीच नाही, सेकिगुचिसाहेब. शोभेची आहे."

मी पांढऱ्या थराकडे त्यांचे लक्ष वेधले. त्यांनी बोटाने थोडा थर खरवडला, आणि माझ्या देखत जिभेला लावला.

"मीठ," ते म्हणाले.

निबंधाची सतरा पाने या थरावर आहेत. मी काजिवारांकडे पाहिले. ते खिडकीतून बाहेरच्या झाडाकडे असे निरखून पाहत होते, की आयुष्यात प्रथमच झाड पाहत असावेत. तीन तासांची पाहणी पन्नास मिनिटांत संपली. खिडक्या नव्या, फळ्या नव्या, जमीन नवी, असे मियासाकांनी आपल्या वहीत लिहिले. माझ्याकडच्या वहीत लिहिण्यासारखे काही नव्हते.

आम्ही चौघे चाळीवर लवकरच पोहोचलो. उंबऱ्याशी बूट काढले आणि आत बसलो. मी हात्सुएबाईंना विचारले, शेकोटीत मीठ कुठून आले?

"मुळ्याच्या पिंपांचं असेल. घरात तीच एक थंड जागा होती. मालकीणबाई तिथेच ठेवायला लावायच्या."

मग मला सांगितले का नाही?

"तुम्ही इतके खूश होता, मास्तर."

मी काजिवारांना विचारले, तुम्हालाही माहीत होते? त्यांनी सांगितले की पिंपे वर चढवायला तेच जात असत. ओनोदेरांना विचारले नाही. त्यांच्यापुढे आता चहा होता.

एवढ्यात मियासाकांनी घड्याळ पाहिले. बोगदा लवकर उरकला तर अकराची गाडी मिळेल, असे ते म्हणाले, आणि घाई होती म्हणून त्यांनी साराची वाटी उचलून सगळे सार भातावर ओतले.

काजिवारांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. ओनोदेरांनी कप खाली ठेवला. मी हे प्रथमच पाहिले. हात्सुएबाई उठल्या आणि उंबऱ्याकडे गेल्या. मागून केरसुणी आपटल्यासारखा आवाज चार-पाच वेळा आला. मग त्या परत आल्या आणि मियासाकांना आणखी भात वाढला.

मियासाका उठून दाराशी गेले. "माझे बूट?"

"आज तुम्ही आत जायचं नाही," हात्सुएबाई म्हणाल्या.

"बाई, मी पाहणीला आलोय. खाणीतला कामगार नाही मी."

"डोंगराला काय कळतंय. बूट चारमध्ये आहेत. तीनची पाळी उतरली की देते."

खाण बंद होऊन सव्वीस वर्षे झाली आणि तीनची पाळी आता नाही, हे मी त्यांना शांतपणे, कारणांसह समजावू लागलो. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझेही बूट जागेवर नाहीत. आठही बूट गेले होते. चौथ्या बिऱ्हाडाला कुलूप आहे. किल्ली ओनोदेरांकडे असते. ते चालले की खिशातला जुडगा वाजतो, सगळ्या गावाला तो आवाज ओळखीचा आहे. पण ते म्हणाले, किल्ली कचेरीत आहे, आणि कचेरीत जायला बूट नाहीत.

असे म्हणताना त्यांनी खिसा हाताने दाबून धरला होता.

मियासाका थोडा वेळ मोज्यांवर उभे राहिले. मग कुलूपबंद खोलीत बूट गेलेच कसे, हा प्रश्न त्यांना पडला असावा, कारण ते गुडघे वाजवत खाली वाकले. तिसऱ्या आणि चौथ्या बिऱ्हाडाच्या मधल्या भिंतीपाशी. नुकसान क्रमांक चौदापाशी.

बराच वेळ ते तसेच होते. मग विजेरी आणवली. "हे सरळ पलीकडे दिसतंय," ते म्हणाले. "पाचव्या घरापर्यंत. सगळी भोकं एका ओळीत आहेत. कशासाठी?"

"मीठ, मिसो, निखारा," हात्सुएबाई म्हणाल्या. "तान्हं पोरसुद्धा एकदा दिलंय, आईला ताप होता म्हणून. आणि बूट. एका घरी सार सांडलं की पाचही घरच्या बायका बूट पुढे ढकलायच्या. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पाचव्या घरी ढीग. पाच पुरुष शिव्या घालत मोज्यांवर बसायचे, भोंगा होईपर्यंत."

"मग त्या दिवशी डोंगर खचायचा?"

"छे."

"मग उपयोग काय?"

"पाच जण दुपारचे घरी जेवायचे की."

मियासाका हसले. काजिवारा हसले नाहीत. हात्सुएबाई मुळ्याची बशी पुसत म्हणाल्या, "ज्या दिवशी खचला, त्या दिवशी कोणाचं काही सांडलं नव्हतं. सगळे नीट जेवले होते."

त्यांचे यजमान खाणीत गेले हे मला ठाऊक होते. नऊ वर्षे त्यांच्या हातचे जेवूनही एवढेच ठाऊक होते.

त्यानंतर तीन वाजेपर्यंत मियासाकांनी पट्टीने चाळीचा इंच न् इंच मोजला. छताला चिकटवलेली पाळ्यांची जुनी पत्रके वाचली. त्यांना काही विचारायचे झाले की हात्सुएबाई म्हणत, "ते मास्तरांना विचारा," आणि मला काही सांगता येत नसे. शेवटी मी माझी यादी पुढे केली. त्यांनी चौदावी बाब वाचली, 'उंदीर' वाचला, आणि यादी दोन्ही हातांनी परत दिली. "नोंदी फार तपशीलवार आहेत," ते म्हणाले. एवढ्या सौजन्याने मला आजवर कोणी नापास केलेले नाही.

तीन वाजता किल्ली ओनोदेरांच्या खिशात सापडली.

चार वाजता मी एकटाच बोगद्यात जाऊन आलो. एक खडाही पडलेला नव्हता. परत येऊन हात्सुएबाईंना तसे सांगितले.

"पाहा बरं," त्या म्हणाल्या. "कोणी गेलं नाही म्हणून."

या युक्तिवादातली चूक कुठे आहे ते मला माहीत आहे. पण मांडायला बसलो की मांडता येत नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

अहवाल आला. कोठी : शिफारस नाही. चाळ : शिफारस, विशेषतः मधल्या भिंतींमुळे; अट एकच, की चाळ राहती असावी.

सभा घेतली. ओनोदेरांनी नगरपालिकेचे म्हणणे सांगितले : बस वळायला जागा असेल तरच नोंदणीला संमती देता येईल, कारण बसशिवाय दुरुस्तीचा भार उचलणे शक्य नाही. आणि जागा चाळीचीच आहे. म्हणजे चाळ वाचवायची तर बस हवी, आणि बस हवी तर चाळ पाडायला हवी. नसेल जमत, तर ठरल्याप्रमाणे वसंतात पाडकाम. मी म्हणालो, हा तर्कदृष्ट्या बंद फेरा आहे.

काजिवारांनी माझाच आराखडा माझ्यासमोर सरकवला आणि तिसऱ्या सपाट जागेवर बोट ठेवले. "हे काय आहे, मास्तर?"

खाजगी वापर, मी म्हणालो.

"कोणाचा?"

ओनोदेरा कपात पाहत होते. काजिवाराही कपात पाहू लागले. मग मीही पाहिले. त्यात काहीच नव्हते.

"विचार करतो," मी म्हणालो.

आमच्या गावात 'विचार करतो' म्हणजे 'नाही'. अडतीस वर्षांत हे उत्तर मी अनेकदा घेतले होते. दिले आज प्रथमच. त्याचा अर्थ दोघांनाही लगेच कळला आणि दोघांनीही, फार चांगले उत्तर मिळाल्यासारखे, माझे आभार मानले.

७ नोव्हेंबर, रविवार

केवळ आकडे पूर्ण असावेत म्हणून आज माझे घर आणि अंगण मोजले. ओढ्याच्या कठड्यापासून डोंगराच्या भिंतीपर्यंत चोवीस मीटर साठ सेंटिमीटर. दुसऱ्या दिशेने पंचवीस.

घराला वास्तुदृष्ट्या काहीही मोल नाही. आम्ही ते बांधले तेव्हा पत्रा स्वस्त मिळाला म्हणून पत्रा घातला. स्वयंपाकघराची खिडकी कुमिकोने हट्टाने पूर्वेला घ्यायला लावली आणि तिथून फक्त डोंगर दिसतो. एखाद्या तज्ज्ञाने पाहिले तर तो दहा मिनिटेही थांबणार नाही.

एक गोष्ट मोजताना लक्षात आली. बस वळते तेव्हा तिची आतली चाके वर्तुळाच्या केंद्रापासून दूरच राहतात. मध्ये सुमारे पाच मीटर त्रिज्येची जागा मोकळी उरते, आणि तिथे काय आहे याच्याशी बसला काहीही कर्तव्य नसते. मी केंद्र काढले. दोनदा काढले, कारण पहिल्यांदा खात्री वाटली नाही.

केंद्र आलुबुखाराच्या बुंध्यापासून चाळीस सेंटिमीटरवर येते.

हा योगायोग आहे. कुमिकोला भूमिती कधीच आवडली नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार

जेवताना हात्सुएबाईंना निर्णय सांगितला. कारण आधी, निष्कर्ष नंतर : वळणाची त्रिज्या, प्रांताची अट, चाळ राहती ठेवण्याची गरज. या अटीनुसार रिकाम्या बिऱ्हाडांपैकी एखाद्यात कोणी राहायला येणे इष्ट आहे, आणि मला वसंतापासून राहायला जागा लागेलच. हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, हेही मी स्पष्ट केले.

त्यांनी उठून खारातला नवा मुळा कापून आणला.

मीठ अगदी बेताचे होते. मी एकही पेला पाणी प्यायलो नाही. म्हणजे जिभेची संवेदना कमी होण्याचे माझे तिसरे कारणही टिकत नाही. गारवा वाढल्याचा परिणाम असावा. पण गारव्याने असे का व्हावे, ते वाचून पाहिले पाहिजे.

दुकानात काजिवारांनाही कळवले. त्यांनी खणातून एक कागद काढला. माझ्या घराच्या जागेवर चोवीस मीटरचे वर्तुळ, त्यांच्या मोजणीदारी अक्षरात. तारीख सप्टेंबरची.

मी विचारले, तेव्हाच का नाही सांगितले?

"राहत्या घराबद्दल माणसाला कसं सांगणार?" ते म्हणाले. मग खण बंद करत, "तुम्हाला जमलं होतं म्हणा."

२० मार्च, रविवार

बर्फ उतरल्यावर सामान हलवले. चौथे बिऱ्हाड. दोन खोल्या, उत्तरेकडून वारा, छताला पाळ्यांची पत्रके. पुस्तके मावत नाहीत. त्यातली निम्मी पाचव्यात ठेवली आहेत आणि लागली की भोकातून काढतो. हात घातला की नेमके हवे ते पुस्तक लागत नाही, त्यामुळे बरेच अवांतर वाचन होत आहे.

सकाळी तिसऱ्यातून भाताचा वाडगा आला. थोड्या वेळाने साराची वाटी आली. मधले अंतर त्यांनी भिंतीपलीकडूनही पाळले.

२८ एप्रिल, गुरुवार

आज बसची पहिली फेरी. मी गेला आठवडाभर तयारी करीत होतो. शिट्टी, लाल निशाण, आणि चालकाला देण्यासाठी वळणाचे टप्पे लिहिलेला कागद. बस दहाला येणार होती. पावणेदहाला मी अजून जेवत होतो, एका हातात कागद होता, आणि वेळ वाचावा म्हणून साराची वाटी उचलून भातावर ओतली.

मी एकटाच होतो. घर माझे होते. आवाजही फारसा झाला नसावा.

उंबऱ्याशी आलो तर बूट नव्हते.

मी भोकापाशी वाकलो. माझेही गुडघे वाजतात, हे आज कळले. मी म्हणालो, हात्सुएबाई, बूट द्या.

"तीननंतर."

मी समजावले की मी खाणीत उतरत नसून रस्त्यावर उभा राहणार आहे. की बसला आणि डोंगराला कार्यकारणाचा काहीही संबंध नाही. की नियमातच मुळी 'खाली उतरणारा पुरुष' असे म्हटले आहे.

"घरातून निघणारा आहे ना? मग झालं तर," पलीकडून उत्तर आले. "बसा, मास्तर. मुळा देते."

पलीकडे प्रकाश होता. भोकातून माझे बूट दिसत होते : त्यांच्या चपलांशेजारी, टाचा भिंतीला लावून, नीट जोडीने ठेवलेले. अडतीस वर्षांत या गावात माझे बूट कधी कोणी लपवले नव्हते. पाहणीच्या दिवशी गेले होते, पण तेव्हा चौघांचे गेले होते.

मी बसलो. दहाला वरून बसचा भोंगा ऐकू आला, नंतर काजिवारांचा आवाज, "या, या, या, थांबा," आणि मग पुन्हा "या". इंजिनाचा आवाज डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे गेला. कुठे काही घासल्याचा आवाज आला नाही. ओनोदेरा दुपारी सांगून गेले की बस व्यवस्थित वळली, प्रवासी उतरले, आणि आलुबुखाराला फुले आली असल्यामुळे त्यांनी पहिले छायाचित्र त्याचेच काढले.

वेळ होता म्हणून जुनी यादी काढली. बाब चौदा, कारणाच्या रकान्यातला 'उंदीर' खोडला. त्याजागी काय लिहावे ते तीन वाजेपर्यंत ठरले नाही. तीनला बूट आले, आधी डावा, मग उजवा. आत मुळ्याची पुडी होती.